स्लो कुकरमधलं पिंटोचं सूप

स्लो कुकर घरात आला की त्यात पहिल्यांदा कडधान्याचं सूप करून बघावं असं बहुतेकांना वाटतं. सकाळी भांडं भरायचं, बटण फिरवायचं, आणि संध्याकाळी दार उघडताच जिऱ्या-मिरचीचा दरवळ. हे खरोखर इतकं सोपं होऊ शकतं. मात्र सगळं कच्चंच एकदम भांड्यात टाकून विसरून जाण्याची जी पद्धत सर्रास सांगितली जाते, ती राजम्याच्या कुळातल्या दाण्यांना लावू नका. चवीचा मुद्दा नंतरचा, ती पोटाला धोकादायक आहे.

राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त, तर ठिपकेदार पिंटो, पांढऱ्या आणि काळ्या दाण्यांत कमी, पण असतंच. दाणे खळखळ उकळले की ते निकामी होतं. नुसते कोमट-गरम राहिले तर होत नाही. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा बाधायला पुरे होतात, आणि ८० अंश सेल्सिअसपर्यंतच तापलेले दाणे कच्च्यापेक्षा पाचपट बाधू शकतात, अशी नोंद अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने करून ठेवली आहे. स्लो कुकर ‘लो’वर लावला की आतलं पाणी बराच वेळ नेमकं याच तापमानाच्या आसपास रेंगाळतं. दाणा मऊ लागतो, शिजल्यासारखा दिसतो, आणि खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि मग जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस काही तासांत सावरतो, पण घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर हा धोका पत्करायचं काहीच कारण नाही.

उपाय अगदी साधा आहे. दाणे रात्रभर, निदान पाच तास तरी, भिजवा. ते पाणी फेकून द्या. ताज्या पाण्यात, गॅसवर, उघड्या पातेल्यात दाणे खळखळ उकळा आणि मगच स्लो कुकरमध्ये घाला. ब्रिटनमध्ये दहा मिनिटं उकळायला सांगतात, अमेरिकेत तीस. माझा कौल तीस मिनिटांना आहे, कारण हे सूप अमेरिकेच्या नैऋत्य भागातलं आहे, आणि तो मुलूख बराचसा उंचावरचा आहे. तिथलं सांता फे हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर वसलेलं आहे. तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. अल्बुकर्की आणि डेन्व्हर त्याहून खाली असली तरी तिथेही पाणी शंभर अंशांपर्यंत पोचत नाही. मराठी घरात प्रेशर कुकर असतोच, आणि उंचीवर त्याच्यासारखा सोबती नाही. भिजवलेले दाणे पूर्ण वाफ धरल्यावर मंद गॅसवर पाच मिनिटं ठेवले की काम झालं. त्यानंतर स्लो कुकरमधला वेळही बराच कमी होतो.

आता सूपाकडे वळू. नैऋत्य अमेरिका म्हणजे ढोबळमानाने न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना, शिवाय त्यांना लागून असलेला टेक्ससचा पश्चिम आणि कोलोरॅडोचा दक्षिण भाग. कोरडी हवा, कमी पाऊस, आणि मका, घेवडावर्गातली कडधान्यं व भोपळा ही तीन पिकं एकत्र घेण्याची तिथल्या मूळ रहिवाशांची फार जुनी परंपरा. मक्याच्या ताटावर वेल चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरून ठेवतात, आणि कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र धरतात. शेतातले हे तिघं सोबती भांड्यातही एकत्र येतात, म्हणून या सूपात मक्याचे दाणे आणि लाल भोपळ्याच्या फोडी मी आवर्जून घालते. न्यू मेक्सिकोने १९६५ साली मिरची आणि पिंटो या दोन्हींना राज्याची भाजी म्हणून मान दिला. कोलोरॅडोतलं डव्ह क्रीक हे छोटं गाव स्वतःला पिंटोची जागतिक राजधानी म्हणवून घेतं. हा दाणा तिथल्या माणसांना किती जवळचा आहे हे यावरून कळावं.

टेक्ससची प्रसिद्ध ‘चिली’ मात्र वेगळी. १९७७ साली तिला राज्याचा पदार्थ म्हणून मान मिळाला. ती मुळात मांस आणि मिरचीची, आणि तिथले कट्टर खवय्ये तिच्यात दाणे घालूच देत नाहीत. आपलं सूप दाण्यांभोवती उभं आहे. मांस घातलं तरी चालतं, नाही घातलं तरी काही अडत नाही.

दाणा निवडताना थोडा विचार करा. पिंटो फिक्या गुलाबी-बदामी रंगाचा, अंगावर तपकिरी ठिपके असलेला. शिजल्यावर ठिपके जातात, दाणा एकसारखा तपकिरी होतो आणि आतून लोण्यासारखा मऊ लागतो. सूपाला दाटपणा द्यायला याच्यासारखा दाणा नाही. काळा राजमा आकार नीट धरून ठेवतो आणि रसाला गडद रंग देतो. दोन भाग पिंटो आणि एक भाग काळा हे प्रमाण मला सर्वांत आवडतं. ॲरिझोनात टेपरी नावाचा बारीक दाणाही मिळतो. सोनोराच्या वाळवंटात तोहोनो ओदाम लोक तो पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आले आहेत, उन्हाळ्यातल्या थोड्याशा पावसावर तो येतो. चवीला गोडसर आणि खमंग, पण शिजायला हट्टी. टेपरी वापरलात तर पिंटोपेक्षा दोन-तीन तास जास्त धरून चाला. टूसॉनमध्ये १९८३ साली सुरू झालेली ‘नेटिव्ह सीड्स सर्च’ ही संस्था असली स्थानिक वाणं जपते.

महाराष्ट्रात बसून करणाऱ्यांनी चित्रा राजमा घ्यावा, तो पिंटोच्या अगदी जवळचा. आणि साताऱ्याकडचे असाल तर कोरेगावचा वाघ्या घेवडा घ्या. अंगावर लालसर रेघा असलेला हा घेवडा, राजमा आणि पिंटो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे. भौगोलिक मानांकन मिळालेला हा आपला दाणा या सूपात अजिबात परका वाटत नाही. त्याची साल नाजूक असते, म्हणून तो तासभर आधीच तपासायला लागा. उकळण्याचा नियम त्यालाही तसाच लागू आहे.

सहा लिटरच्या कुकरसाठी, म्हणजे साधारण आठ जणांसाठी, पुढचं प्रमाण घ्या. पिंटो ३०० ग्रॅम, काळा राजमा १५० ग्रॅम. मोठे कांदे दोन, लसणाच्या आठ पाकळ्या. वाळलेल्या लाल मिरच्या पाच-सहा. भाजून सोललेल्या हिरव्या मिरच्या २०० ग्रॅम. जिरं दोन छोटे चमचे, ओरेगानो दीड छोटा चमचा. टोमॅटो ४०० ग्रॅम, मक्याचे दाणे २५० ग्रॅम, लाल भोपळा ३०० ग्रॅम. तेल तीन मोठे चमचे, पाणी पावणेदोन लिटर, वरून दोन लिंबं आणि मूठभर कोथिंबीर. मीठ अंदाजाने, पण त्याबद्दल थोडं बोलायला हवं.

मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही, अशी समजूत आपल्याकडेही आहे आणि अमेरिकेतही. प्रत्यक्षात उलट घडतं. दोन लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवून त्यात दाणे भिजवले, तर मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची काही जागा घेतं आणि साल लवचिक होते. दाणा फुटत नाही आणि आतपर्यंत चवदार लागतो. खरी आडकाठी आंबटाची असते. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांच्या सान्निध्यात दाण्यातलं पेक्टिन सैल होत नाही आणि दाणा तासन्‌तास कडकच राहतो. म्हणून टोमॅटो सुरुवातीला घालायचा नाही. डब्यातल्या चिपोटले, म्हणजे धुरावर वाळवलेल्या हालापेन्यो, मिरच्यांच्या रसात व्हिनेगर असतं, तेव्हा त्याही शेवटीच. दुसरी अडचण जड पाण्याची. बोअरवेलच्या पाण्यात डाळ शिजत नाही हा अनुभव महाराष्ट्रात घरोघरी आहे, आणि अमेरिकेच्या नैऋत्य भागातलं नळाचं पाणीही बहुतेक ठिकाणी जडच. पाणी जड असेल तर गाळणीतलं घ्या किंवा भिजवताना पाव छोटा चमचा खायचा सोडा घाला. सोडा त्याहून जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

इतकं सगळं करूनही दाणे गणंग राहिले, तर ते जुने आहेत असं समजा. दोन-तीन वर्षं डब्यात पडलेला राजमा कितीही शिजवा, मऊ होत नाही. जिथे खप जास्त आहे त्या दुकानातून घ्या आणि वर्षभरात संपवा.

मिरचीवर मात्र मनापासून वेळ खर्च करा, कारण या सूपाचा जीव तिच्यात आहे. न्यू मेक्सिकोत मिरची हा मसाल्याच्या डब्यातला जिन्नस राहत नाही, ती भाजीच्या मापाने वापरली जाते. एकाच झाडाची शेंग कोवळी असताना हिरवी तोडतात, पिकू दिली तर लाल होते, आणि त्या लाल मिरच्यांच्या माळा करून घराबाहेर वाळत टांगतात. उपाहारगृहात गेलात की वाढणारा विचारतो, लाल की हिरवी? दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. हिरवीची चव ताजी, किंचित धुरकट. लालची मातकट, गोडसर, खोल. या सूपात मी दोन्ही वापरते: लाल सुरुवातीला, हिरवी शेवटी.

लाल मिरच्यांची देठं आणि बिया काढा. कोरड्या तव्यावर अगदी काही सेकंद, वास सुटेपर्यंतच, शेका. काळी पडली तर कडू होते आणि तो कडूपणा आठ तास सूपात मुरतो. मग कढत पाण्यात वीस मिनिटं भिजवा, लसणाबरोबर गंधासारखी वाटा आणि जाड गाळणीतून गाळून घ्या. गाळायचा कंटाळा करू नका, सालीचे तुकडे घशाला टोचतात. न्यू मेक्सिकोची मिरची मिळाली नाही तर आपली ब्याडगी उत्तम. रंग भरपूर, तिखटपणा माफक. संकेश्वरी किंवा लवंगी नको, कारण इथे मिरची प्रमाणात जास्त पडते आणि तिखट मिरचीचं एवढं वाटण कुणालाही सोसणार नाही. धुरकटपणासाठी एखादी चिपोटले चालेल.

हिरवी मिरची हॅच खोऱ्यातली मिळाली तर भाग्यच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे दुकानांबाहेर जाळीचे मोठे पिंप गॅसच्या ज्वाळांवर फिरवत मिरच्या भाजून देतात, आणि लोक पोत्याने घेऊन वर्षभरासाठी गोठवून ठेवतात. घरी करायची तर भरताचं वांगं भाजतो तशी थेट आचेवर सगळीकडून काळी करा, झाकून ठेवा, दहा मिनिटांनी साल सहज निघते. भारतात भावनगरी मिरची या कामी येते. डब्यातली भाजलेली हिरवी मिरचीही वाईट नसते.

आता कृती. दाणे उकळत असतानाच दुसऱ्या शेगडीवर तेल तापवून कांदा चांगला बदामी होईपर्यंत परता. जिरं वेगळं भाजून जाडसर कुटा आणि कांद्यात घाला. त्यावर मिरचीचं वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. ही दहा मिनिटं टाळण्याचा मोह होतो, पण स्लो कुकरमध्ये काहीही परतलं जात नाही. तिथे कच्चा कांदा उकडतो आणि वाटणाचा कच्चा वास तसाच राहतो. मेक्सिकन ओरेगानो मिळाला तर तोच घ्या. पिझ्झावरच्या ओरेगानोशी त्याचं वनस्पती म्हणून नातं नाही, आणि त्याचा वास अधिक रांगडा, लिंबाकडे झुकणारा असतो. गरम मसाला, धणे-जिरे पूड, कढीपत्ता यांना मात्र इथे थारा देऊ नका. ते चांगलेच पदार्थ आहेत, पण त्यांनी या सूपाचं राजम्याच्या आमटीत रूपांतर होतं आणि मिरचीची मूळ चव दबून जाते.

उकळलेले दाणे, परतलेलं वाटण, ओरेगानो, एक छोटा चमचा मीठ आणि कढत पाणी स्लो कुकरमध्ये घाला. पाणी कढतच हवं, म्हणजे भांडं लवकर तापतं. भांडं निम्म्याहून कमी आणि तीन-चतुर्थांशाहून जास्त भरू नये. ‘लो’वर सात ते आठ तास, ‘हाय’वर चार ते पाच. प्रेशर कुकरमधून काढलेले दाणे असतील तर ‘लो’वर चार-पाच तास पुरतात. अधूनमधून झाकण उघडून बघायची सवय मोडा. प्रत्येक वेळी कोंडलेली उष्णता निघून जाते आणि शिजण्याला वीस-तीस मिनिटांचा उशीर होतो.

दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला की मगच टोमॅटो, भोपळा, मका आणि हिरवी मिरची घालून ‘हाय’वर तासभर ठेवा. हा तास संध्याकाळी घरी आल्यावरचा. मग दोन-तीन पळ्या दाणे बाजूला काढून डावाने घोटा आणि परत मिसळा. सूप मिळून येतं, पाणी एकीकडे आणि दाणे एकीकडे असं राहत नाही. तरी पातळ वाटलं तर दोन चमचे मक्याचं पीठ पाण्यात कालवून लावा. मिठाची चव आता घ्या. लिंबू मात्र वाढताना प्रत्येकाच्या वाडग्यात पिळायचं. सोबत कोथिंबीर, ॲव्होकॅडोच्या फोडी, थोडं किसलेलं चीज आणि तव्यावर कुरकुरीत केलेले मक्याच्या तोर्तियाचे तुकडे. मक्याची भाकरीही शोभते. मांस हवं असेल तर कोंबडीचा किंवा टर्कीचा खिमा आधी वेगळा परतून दाण्यांबरोबरच घाला. गोठलेलं मांस स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये, ते धोक्याच्या तापमानात फार वेळ राहतं.

घाईच्या दिवशी डबाबंद दाणे वापरायला हरकत नाही. ते डब्यातच पूर्ण शिजलेले असतात, त्यामुळे उकळण्याचा प्रश्न मिटतो. चारशे-सव्वाचारशे ग्रॅमचे तीन डबे धुऊन घ्या, पाणी निम्मं करा आणि ‘लो’वर तीन-चार तास ठेवा. चव उतरते, कारण दाण्यांचं स्वतःचं सत्त्व पाण्यात उतरायला वेळच मिळत नाही, पण सूप होतं.

स्लो कुकर हे यंत्र मुळात कडधान्यासाठीच जन्माला आलं. अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाला त्याचं पेटंट १९४० साली मिळालं. लिथुआनियातल्या गावी आजी शुक्रवारी संध्याकाळी ‘चोलंट’चं भांडं गावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवून यायची, कारण ज्यू धर्माप्रमाणे शब्बाथला चूल पेटवत नाहीत, ही गोष्ट त्यांनी आईकडून ऐकली होती. दाणे, बटाटे आणि मांस रात्रभर त्या भट्टीत शिजायचं. नॅक्सनच्या यंत्राचं नाव ‘बीनरी’ होतं. १९७० साली रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी ते यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. घराबाहेर नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं.

तुमचं यंत्र जुनं असेल तर एक चाचणी जरूर करा. निम्मं भांडं पाण्याने भरा, ‘लो’वर आठ तास ठेवा आणि झाकण उघडताच थर्मामीटरने तापमान घ्या. ८५ ते ९३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर ठीक. त्याखाली असेल तर ते यंत्र अन्न शिजवायला वापरू नका. अमेरिकेतून परतताना स्लो कुकर बरोबर आणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की तिथली वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची. थेट सॉकेटला लावला तर तो जळतो. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्यापेक्षा इथेच मिळणारा, स्लो कुकची सोय असलेला इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेणं शहाणपणाचं. घरी कोणी नसताना वीज गेली आणि किती वेळ गेली होती हे कळत नसेल, तर सूप टाकून द्या. पुन्हा उकळून वाचवण्याचा प्रयत्न करू नका.

उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी जास्त चविष्ट लागतं. ते कुकरच्या जड मातीच्या भांड्यात ठेवू नका, त्यात ते फार हळू निवतं. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टिकतं, गोठवलं तर तीन महिने. गरम करताना स्लो कुकर वापरायचा नाही. पातेल्यात घ्या, अर्धी वाटी पाणी घाला, कारण रात्रीतून ते आळलेलं असतं, आणि रटरटून उकळी आली की वाढा.